घंटा झाली की उठायचे

बंदराच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरावर नोकरदारांना नेणाऱ्या त्या नौकेचा एक अलिखित परिपाठ होता. धक्का जवळ आला की नौका चालवणारा तांडेल घंटा देई, आणि घंटा कानी पडताच अवघे प्रवासी उठून डाव्या दाराशी दाटी करीत. मंत्रावर नसेल इतकी त्यांची त्या घंटेवर निष्ठा होती.

त्या सकाळी धुके असे दाटले, की तांडेलाला स्वतःच्याच नौकेचे टोक दिसेना. त्यातच भोंग्याचा घसा बसला. आणि नेमका तेव्हाच डाव्या अंगाने एका मालवाहू जहाजाचा घनगंभीर घोष ऐकू आला. जवळ, फार जवळ.

आपण येथे आहोत, हे त्या महाकायाला कळवावे कसे? तांडेलाने जिवाच्या आकांताने घंटा बडवली.

घंटा वाजली मात्र, सारी माणसे पिशव्या सावरीत उठली.

“बसा! अहो, धक्का नाही आला! बसा!” तांडेल ओरडला.

“याचं रोजचंच आहे,” कोणी हसले. “जरा सरका हो पुढे. ऑफिस काय इथवर चालत येणारे?”

नौका डावीकडे कलली. चाक उजवीकडे पुरते फिरवूनही, कलण्याने पाण्याबाहेर उचललेले सुकाणू दाद देईना. धुक्यातून एक काळी भिंत उमटू लागली, आणि तांडेलाच्या तोंडचे पाणी पळाले.

केबिनच्या दाराशी, रोजच्या जागी, त्याची थोरली बहीण बसली होती. धाकट्याची नौका सोडून दुसरीत कधी पाऊल न ठेवणारी.

“ताई, कोणी ऐकत नाही गं!”

“बसा म्हटल्यावर आजवर कोण बसलंय, वेड्या?” ती उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “अहो, डावं दार बिघडलंय! आज उजवीकडून उतरायचंय. जो आधी पोचेल, तो आधी सुटेल!”

गर्दी गर्रकन वळली. ती मध्यावर येते न येते तोच नौका सावरली, सुकाणूने पाणी धरले, आणि ती भिंत प्रवाशांच्या पाठीमागून हातभर अंतराने सरकत निघून गेली. ज्यांनी वळून पाहिले, ते मटकन खाली बसले. त्यांचे चेहरे पाहून उरलेलेही बसले.

यथावकाश धक्का आला. दोर बांधले गेले. एकही माणूस जागचा हलला नाही.

तांडेलाचा हात घंटेपाशी जाऊन थबकला.

“दे की रे,” ताई हळूच म्हणाली, “नाहीतर ही मंडळी इथंच म्हातारी व्हायची.”

“आज तूच दे गं.” तो बाजूला सरकला.

तिने घंटेचा दोर धरला आणि निजलेल्या लेकराला जागवावे तशी, अगदी हलकेच, घंटा वाजवली.