काहिलीतली कासवं

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. काहील म्हणजे काय, हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल. गूळ झाडाला लागतो असं मानणारे लोक पाहण्याची मला आता सवय झाली आहे. तेव्हा सांगून टाकते, उसाचा रस आटवायची भली मोठी, पसरट लोखंडी कढई म्हणजे मी.

निपाणीच्या लोहारानं मला ठोकून घडवलं आणि सदलग्याच्या परशराम आप्पांच्या गुऱ्हाळात मी चुलवाणावर चढले. खाली चिपाडाचा जाळ, वर खदखदणारा रस. रसावरची मळी काढणाऱ्याचा हात चुकला की आप्पा त्याला फाडून खात, पण मला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. "हिच्यासारखी काहील पंचक्रोशीत न्हाय," असं ते आल्यागेल्याला सांगत. तो मान मी कष्टानं मिळवला होता. पुढं सगळा ऊस साखर कारखान्याला जाऊ लागला, आप्पा वारले, गुऱ्हाळ बंद पडलं आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले. कोंबड्या माझ्या आडोशाला अंडी घालत. तेही मी सोसलं. कोंबडीला अक्कल नसते, तिच्यावर काय रागवायचं?

राग आला तो आप्पांच्या मुलाचा, नागेंद्रचा. हा बेळगावात मोठ्या पगाराचा साहेब. बंगला बांधला, तेव्हा कुण्या वास्तूवाल्यानं त्याला सांगितलं, परसात ईशान्येला जिवंत कासवांची जोडी ठेवा, लक्ष्मी घर सोडणार नाही. मात्र कासव पाण्याबाहेर येता कामा नये. ते बाहेर पडलं की लक्ष्मीही त्याच्या मागून निघते. शिकल्यासवरल्या नागेंद्रनं नंदीबैलासारखी मान डोलावली. आता निसरड्या कडांचं तळं आणायचं कुठून? तेव्हा कुठं त्याला माझी आठवण झाली.

टेम्पोत घालून मला बेळगावला नेलं, परसात खड्डा खणून काठापर्यंत पुरलं आणि आतून निळा ऑइलपेंट फासला. उभा जन्म जाळ सोसलेली मी, म्हातारपणी नटवून बसवली गेले. वर प्लॅस्टिकची कमळं सोडली. येणारे-जाणारे म्हणत, "लई भारी झालंय." मला त्यांच्या डोळ्यांची कीव येई.

मग दोन कासवं आली. गालावर लाल पट्टे, एक पुरीएवढं आणि एक त्याहून लहान. नागेंद्रच्या आईनं, यशोदाबाईंनी, त्यांच्या पाठीला हळदीकुंकू लावलं. विष्णूचा अवतार म्हटल्यावर मासे-गांडुळांचं नाव घरात कोण काढणार? एकादशीला त्यांना चक्क साबुदाण्याची खिचडी वाढली. कासवांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेवढी समज त्यांना होती.

पण जिवावर बेतलं ते खिचडीमुळं नाही. या जातीचं कासव पोहून दमलं की त्याला पाण्याबाहेर टेकावं लागतं, अंग वाळवावं लागतं. माझ्या कडांना कुठं पाय रोवायचा? दिवसभर ती दोघं माझ्या रंगावर नखं खरवडत, चार बोटं वर चढत आणि घसरून पुन्हा पाण्यात पडत. पाहुणे मोबाइल काढून म्हणत, "बघा की, कसं खेळत्यात." मित्रांनो, माझ्या उकळत्या रसात पडून एखाद्यानं हातपाय झाडले असते, तर त्यालाही या शहाण्यांनी खेळच म्हटलं असतं.

नागेंद्रच्या बायकोच्या, माधवीच्या, तेवढं लक्षात आलं. ती म्हणाली, "अहो, दमत्यात ती. बसायला एखादा दगड तरी टाकूया की आत."

"आणि त्यावर चढून भाईर पडली म्हंजे? तुला काय कळतंय त्यातलं?" नागेंद्र म्हणाला.

तिनं गुपचूप आत एक वीट ठेवली. संध्याकाळी त्यानं ती उचलून कुंपणापलीकडं भिरकावली. मी पडले लोखंडाची. हलता आलं असतं, तर माझी एक कड मी स्वतःच वाकवून दिली असती.

एका सकाळी लहान कासव पाण्यावर नुसतं तरंगत होतं. माधवीनं ते बाहेर काढलं, ओढणीनं पुसलं आणि ती तिथंच बसून रडली. यशोदाबाईंनी मात्र हात जोडले.

"रडू नको गं. देवानं जलसमाधी घेतली. पुण्यवान घर हाय आपलं."

नागेंद्रचा उतरलेला चेहरा लगेच उजळला. पाण्याबाहेर पडण्यासाठी जिवाचं रान केलेलं ते पिल्लू, आणि त्यानं म्हणे आपणहून समाधी घेतली. इतका निर्लज्ज कौतुकसोहळा मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

लगोलग गवंडी आला. दुसऱ्या कासवाला बादलीत ठेवून मला रिकामं केलं. माझ्या काठावर समाधीचा कट्टा उभा राहिला आणि यशोदाबाईंना पाण्यात दिवा सोडता यावा म्हणून कट्ट्यापासून माझ्या तळापर्यंत खडबडीत दगडी पायऱ्या उतरल्या. आपण जिना बांधतोय, हे साहेबांच्या डोक्यातही आलं नाही.

पाणी भरून कासवाला आत सोडलं. ते एक फेरी पोहलं, मग एकेक पायरी चढत समाधीवर गेलं. मान लांब करून, मागचे पाय ताणून उन्हात बसलं. या घरात आल्यापासून त्याची पाठ पहिल्यांदा कोरडी झाली होती.

नागेंद्र धावत आला. "आई, भाईर आलं ते. आत टाकतो."

"हात लावू नको रं त्याला," यशोदाबाई म्हणाल्या. "जोडीदाराच्या दर्शनाला आलंय ते."

देव मोठा की लक्ष्मी, हे न कळून नागेंद्रनं पुढं केलेला हात मागं घेतला. माधवीनं डोळे पुसले आणि सासूला म्हणाली, "व्हय आत्ती. आता रोज येईल बघा."

मित्रांनो, घरात जीव आणणार असाल तर त्याला काय लागतं, हे आधी विचारा. त्याचा देव करू नका. देव झालेल्याला दमलास का, असं कुणी विचारत नाही. एवढंही जमत नसेल तर बाजारातून मातीची कासवं आणा आणि खुशाल बुडवा. माझ्या कासवाला बसायला हातभर जागा मिळाली खरी, पण ती मिळावी म्हणून त्याच्या जोडीदाराला आधी मरावं लागलं.