माझ्या पोटातली कीड आणि दातांचे डॉक्टर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. तुमच्या खिशात मावणाऱ्या सडपातळ मंडळींशी माझे दूरचे नाते आहे, पण ते मला ओळख दाखवत नाहीत. माझा पडदा पुढून लहान आणि मागून प्रचंड आहे. मला चालू केले की विमान सुटल्यासारखा आवाज येतो आणि मग बराच वेळ काहीच होत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. माझे अवयव निरनिराळ्या कारखान्यांत जन्मले आणि एका दुकानदाराने तोंडात स्क्रू धरून मला जोडले. जोडून झाल्यावर त्याच्याकडे दोन स्क्रू उरले. त्याने मला हलवून पाहिले, "चालतंय की!" म्हणाला आणि ते खिशात टाकले.

मला विकत घेतले दातांच्या एका डॉक्टरांनी. खाली त्यांचा दवाखाना आणि वर घर. घरात डॉक्टर, त्यांची बायको आणि डॉक्टरांचे वडील. वडिलांना सगळी गल्ली आजोबा म्हणे. डॉक्टरांची बायको एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचत असे, म्हणून तिला सगळे कोडीवाल्या बाई म्हणत. मी खरा तिच्यासाठीच आलो होतो. काय थाट होता माझा तेव्हा! मला झालरीचे पांघरूण होते. पाहुणे आले की ते हळूच उचलून मला दाखवत, आणि पाहुणे लांबूनच "छान आहे हो" म्हणत.

सकाळी बाई माझ्यावर आडवे-उभे शब्द जुळवत. दुपारी आजोबा पत्ते खेळत. हरले की "हा लबाडी करतो" म्हणत. मी लबाडी करत नव्हतो, मित्रांनो. पण त्यांना राग काढायला कोणीतरी हवे होते, आणि मला ते आवडत असे.

अशी काही वर्षे सुखात गेली. बाईंच्या कोड्यांचे पुस्तक निघायचे ठरले. सगळी कोडी माझ्या पोटात एका कप्प्यात होती आणि दोन दिवसांनी ती प्रकाशकाला द्यायची होती. त्या सकाळी बाईंनी 'कोडी' नावाचा कप्पा उघडला. माझा पडदा लुकलुकला, पण कोडी काही दिसेनात.

माझ्या पोटात कीड शिरली होती. कीड म्हणजे एक लबाड, छोटा प्रोग्रॅम. तिने बाईंचा खरा कप्पा लपवला आणि त्याच्या जागी हुबेहूब तसाच, त्याच नावाचा खोटा कप्पा मांडला. बाई तो उघडायला जात आणि प्रत्येक वेळी कीड नवी पिल्ले घाली. मला सगळे कळत होते. पण मला बोलता येत नाही, फक्त 'टुंग' असा आवाज काढता येतो. मी पुष्कळदा 'टुंग' म्हणालो. बाईंनी माझा आवाज बंद केला.

मग डॉक्टर आले. त्यांनी माझ्याकडे, कोणी तोंड उघडून बसावे आणि त्यांनी पाहावे, तसे पाहिले.

"कीड लागलीय. सगळं पुसून टाकू आणि नव्यानं सुरुवात करू."

"आणि माझी कोडी?"

"ती जातील. पण दुखणं तरी जाईल!"

"तुमचं बरं आहे हो," बाई कडाडल्या. "दुखलं की उपटा!"

"मग कवळी बसवून देतो की."

"माझ्या कोड्यांना कवळी बसत नसते!"

मग डॉक्टरांना दुसरे काहीतरी सुचले. ते आजोबांकडे वळले. "बाबा, तुम्ही पत्ते खेळता ना यावर? तुम्हीच नको ते काहीतरी दाबलं असणार."

आजोबांचा चेहरा पडला. ते गॅलरीत जाऊन बसले. बाईंनी चहा नेला, तर कप घेईनात. म्हणाले, "नको. माझ्याकडून काहीतरी दाबलं जाईल."

शेवटी बाईंनी आपल्या धाकट्या भावाला फोन लावला. तो दुसऱ्या गावी संगणकांचेच काम करी. त्याला पूर्ण टक्कल पडले होते, तरी घरात सगळे त्याला बाळच म्हणत. बाळ म्हणाला, "ताई, काही पुसू नका. कोडी गेलेली नाहीत, नुसती लपलीत. मी सांगतो तसं करा. हातानं काढू कीड."

अडचण एवढीच होती, की फोन होता घरातल्या बोळात, मी होतो आतल्या खोलीत, आणि फोनची वायर काही तिथवर पोचत नव्हती. बाईंचा आवाज बोळाच्या वळणापलीकडे डॉक्टरांना ऐकू येईना. मध्ये एक माणूस हवा होता. बाई गॅलरीत गेल्या.

"बाबा, तुमच्याशिवाय व्हायचं नाही हो."

"येतो. पण काही दाबणार नाही."

अशी साखळी तयार झाली. बाळ फोनवर सांगे, बाई बोळातून ओरडत, दारात उभे असलेले आजोबा ते ऐकून आत सांगत, आणि डॉक्टर माझ्यावर टाइप करत. आजोबांना जरा कमी ऐकू येई, हे सगळ्यांना माहीत होते. पण त्या घटकेला ते कोणाच्याच लक्षात आले नाही.

आधी मला 'सेफ मोड'मध्ये उठवले. म्हणजे मी अर्धवट जागा आणि कीड गाढ झोपलेली. मग काळ्या पडद्यावर हुकूम लिहायचा होता.

"मोकळी जागा सोडा!" बाई ओरडल्या.

"मोकळी जागा सोड म्हणतेय," आजोबा म्हणाले.

डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली.

"अहो, अक्षरांत! दोन अक्षरांत!"

मग तिरकी रेघ आली. ती कोणत्या बाजूला झुकलेली, हे बोलून कळेना, म्हणून आजोबा स्वतः दारात तिरके उभे राहिले. डॉक्टरांनी त्यांना बघून रेघ काढली. ती बरोबर होती.

"आता एंटर दाबा!"

"थांबा म्हणतेय," आजोबा म्हणाले.

डॉक्टर थांबले. आजोबा थांबले. बाई थांबल्या. तिकडे बाळ थांबला. मीही थांबलो, कारण मला दुसरे काही येत नाही. बऱ्याच वेळाने बाळाने विचारले, "ताई, काय झालं?" बाई म्हणाल्या, "काही नाही रे, आम्ही वाट बघतोय." "कशाची?" "तुझी!"

शेवटी एंटर दाबले गेले. आता मी जागा होताना माझ्याबरोबर आपोआप कोणते प्रोग्रॅम उठतात, त्यांची नावे डॉक्टर मोठ्याने वाचू लागले. त्यातच कीड होती, पण दुसऱ्याचे नाव घेऊन. ती कशी ओळखायची, ते फोनवरून बाळालाही सांगता येईना. बाई फोन तसाच लोंबकळत सोडून आत आल्या आणि पडद्यावर एकच नजर टाकून म्हणाल्या, "ही. हिच्यात एक अक्षर जास्तीचं आहे. माझ्या कोड्यात बसणार नाही."

बाई पुन्हा फोनकडे धावल्या. "बाळ म्हणतोय, फक्त तीच ओळ काढायची!" त्या ओरडल्या आणि आजोबांनी तसेच आत सांगितले. "शेजारच्या ओळीला धक्का लागला तर संगणक परत उठायचा नाही!"

पण डॉक्टरांचा हात स्थिर होता. "शेजारच्याला धक्का न लावता काढणं," ते पुटपुटले, "हेच तर करतो मी दिवसभर." आणि त्यांनी ती ओळ अलगद काढली. मग किडीचे मूळ कोपऱ्यातून शोधून पुसले, खोटे कप्पे पुसले आणि लपवलेले कप्पे उघडे केले. माझ्या पडद्यावर 'कोडी' परत आली. बाईंनी धावत येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. मित्रांनो, तशी थाप मला तेव्हापर्यंत कोणी मारली नव्हती.

"आता लगेच एक प्रत काढून ठेवू," डॉक्टर आनंदाने म्हणाले. त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि मला लावला.

माझ्या पोटात पुन्हा कळ आली. पडदा लुकलुकला. कोडी गेली.

"हा पेन ड्राइव्ह कुठला?" बाईंनी फोनवर सांगताच बाळाने विचारले, आणि प्रश्न साखळीतून आत आला.

"दवाखान्याची नवी पाटी करायला दिली होती ना, त्या दुकानात लावला होता. गेल्या आठवड्यात." डॉक्टरांचा आवाज बारीक होत गेला. "मग घरी आणून इथं लावला."

डॉक्टर उठून दाराशी गेले. "बाबा, चुकलं माझं," ते हळूच म्हणाले.

"काय?" आजोबांनी कानाला हात लावला.

"चुकलं म्हटलं! तुम्ही काही दाबलं नव्हतं!"

"काय म्हणतोस?"

"मीच आणली कीड! मी!" डॉक्टर जीव तोडून ओरडले. ते बाळाने ऐकले, शेजारच्यांनी ऐकले, खाली गाल धरून बसलेल्या पेशंटनेही ऐकले. आजोबांना पहिल्याच वेळी नीट ऐकू आले होते, अशी मला आजही शंका आहे.

"बरं," आजोबा म्हणाले. "ऊठ. मी बसतो." दुसऱ्या खेपेला ते माझ्यासमोर बसले आणि डॉक्टर दारात तिरके उभे राहिले. काम अर्ध्या वेळात झाले. मग बाळाच्या सांगण्यावरून तो पेन ड्राइव्हही धुऊन-पुसून साफ केला, म्हणजे आतून.

पुस्तक निघाले. लोकांनी बाईंचे कौतुक केले. माझे नाव त्यात नव्हते, पण ते चालायचेच.

आता मी म्हातारा झालो आहे. घरात नवा संगणक आला आहे. तो पातळ आहे, आवाज करत नाही आणि त्याला पांघरूण लागत नाही. मी कोपऱ्यात आहे, माझ्या पंख्यात धूळ बसली आहे, आणि "हा विकून का टाकत नाही?" असे पाहुणे माझ्यासमोरच विचारतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा कोणी असेल. त्याची धूळ अधूनमधून झटका. कुठलीही अनोळखी वस्तू त्याच्या तोंडात घालू नका. जे लाडके आहे, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. तो बिघडला, तर घरातल्या म्हाताऱ्यांकडे बोट दाखवायची घाई करू नका. आणि सगळे पुसून टाकायच्या आधी घरात प्रत्येकाला एकदा विचारा, की याच्या पोटात तुझं काही आहे का?