मोगऱ्याची कुंडी

हिरालालांनी कुंडी आडवी करून बुडावर थाप मारली, तशी शेवंतीची वाळकी ढेप मुळांसकट गच्चीवर पडली. माती दगडासारखी झाली होती. वर्ध्याला कापडाचं दुकान चालवणाऱ्या या माणसाने घरात कधी पेलाही विसळला नव्हता. आज ते वैशाखाच्या उन्हात उकिडवे बसून काथ्याने कुंड्या घासत होते. उद्या सुमित्राबाई दवाखान्यातून घरी येणार होत्या.

पोटाच्या ऑपरेशननंतर शुद्धीवर येताच बायकोने विचारलं होतं, "झाडाईले पानी घालून राह्यले ना?"

"हो ना. रोज घालतो."

"मोगऱ्याले कळ्या आल्या?"

"आल्या ना, मस्त आल्या."

तोवर ते एकदाही गच्चीवर गेले नव्हते. आधी धावपळीत राहून गेलं. मग खोटं बोलून बसल्यावर जिना चढायचीच भीती वाटू लागली. आज चढले, तेव्हा सगळं जळून गेलेलं.

मोगरा ज्योत्स्नाने लावलेला. त्यांची एकुलती लेक; बारावीत होती, काविळीने गेली. त्यानंतर सुमित्राबाई नवऱ्याशी बोलत नसत तेवढं त्या झाडाशी बोलत.

नर्सरीवाल्या टिकारामने नवी रोपं देताना बजावलं होतं, "जुन्या कुंड्या चांगल्या घासून घ्या, शेठ. मेलेल्या झाडाची माती नवीनले लागू देऊ नका."

म्हणून ते घासत राहिले. काठावरचे पांढरे थर विटेच्या तुकड्याने खरवडले, कुंड्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या. संध्याकाळी नवी माती भरून शेवंती लावली, गुलाब लावला. मोगऱ्याचं रोप हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं. ज्योत्स्नाच्या कुंडीत ते त्यांच्याने लावलंच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑटोतून उतरल्यावर सुमित्राबाई पाणीसुद्धा न पिता, कठड्याला धरत धरत वर चढल्या. "टाके ओले हायेत, काऊन चढतेस?" म्हणत हिरालाल मागे मागे.

गच्चीवर सुमित्राबाईंनी रोपांवरून नजर फिरवली. रिकाम्या कुंडीजवळ थांबल्या. आतून बाहेरून बोट फिरवलं.

"तुमी घासली?"

"हो."

"अन् झाड?"

हिरालालांनी दुकानात हजार गिऱ्हाइकं बोलण्यात गुंडाळली होती. आत्ता ते कुंडीपलीकडे उकिडवे बसले.

"मी वर आलोच नाई," ते म्हणाले. "एक डावही नाई. तुले खोटंच सांगतलं."

सुमित्राबाई हळूहळू खाली बसल्या.

"बाजूच्या खाटेवर एक म्हातारी होती," मग त्या म्हणाल्या. "तिले मी रोज सांगत होती, माया पोरीच्या मोगऱ्याले कळ्या आल्या म्हून. थे बिचारी म्हने, जाशीन घरी तं मले एक फूल धाडजो."

हिरालालांची मान वर होईना. बायकोने ओरडावं, दोष द्यावा, असं त्यांना वाटत होतं. ती नुसती कुंडीच्या काठावर हात ठेवून बसली होती.

"उन्हात तडकते थे," ती म्हणाली. "घरात घ्या."

हिरालालांनी ती रिकामी कुंडी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली, जिना उतरून घरात आले. मागून सुमित्राबाई आल्या. कुंडी कुठे ठेवायची, हे हिरालालांनी विचारलं नाही, सुमित्राबाईंनी सांगितलं नाही. दोघं बैठकीच्या मधोमध तसेच उभे राहिले.