मांडवाच्या जागेवरचा दगड

मी दगड बोलतोय. साधासुधा नव्हे, सरकारी. वाटेत ठेच लागली की माणसं ज्यांना शिव्या घालतात ते माझे चुलतभाऊ. मला मात्र सगळे भिऊन असतात.

माझा जन्म काशिमिऱ्याच्या खदाणीतला. सुरुंगाने डोंगर फुटला, छिन्नीने मला चौकोनी केलं, अंगाला पांढरा रंग फासला आणि डोक्यावर लाल बाण काढला. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मुंबईच्या कुठल्याशा कचेरीतल्या साहेबांच्या मनात आलं, की मिरा रोडवरून थेट विमानतळापर्यंत रेल्वे न्यावी. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली. त्या रेघेखाली पेणकरपाडा आहे, हे त्यांना जीपमधून उतरल्यावर कळलं. पाड्यातल्या लोकांनी आजवर विमानाचं पोट तेवढं पाहिलं होतं.

त्या रेघेची खूण म्हणून मला रोवलं ते बाबाजीच्या अंगणात. बाबाजीचं घर आणि त्याच्या मेलेल्या भावाचं घर यांची भिंत एक, दोन्ही अंगणांमध्ये मेंदीचं कुंपण. पलीकडे भावाची विधवा मंदा आणि तिची मुलगी मिनल राहत. मंदा भाजीची पाटी घेऊन पूनम सागर वसाहतीच्या नव्या इमारतींखाली बसायची. बाबाजी तिला रोज हाक मारून विचारायचा, ‘मंदा, जेवलीस का गो?’ माणूस तसा गोड होता. गोड माणसांचीच मला फार धास्ती वाटते.

‘ज्याच्या दारात दगुड, त्याचा घर जानार,’ असं कुणीतरी बोललं आणि बाबाजीची झोप उडाली. एका दुपारी मंदा आणि मिनल बाजारात गेल्या होत्या. बाबाजीने पहारीने मला उपटलं, कुंपणापलीकडे नेलं आणि मंदाच्या अंगणात पुरलं. लाल बाणाचं तोंड पहिल्यासारखंच राहील याचीही काळजी घेतली. शेजाऱ्यांनी पाहिलं आणि दारं ओढून घेतली. आपल्या दारात आला नाही ना, मग झालं!

परत आलेल्या मंदाने मला पाहून कपाळावर हात मारला. ‘साहेब येऊन गेले,’ बाबाजी म्हणाला. ‘जागा बदलली त्यांनी. हात लावू नकोस हां, सरकारी दगुड हाय, जेल व्हईल.’ मंदाने दिराच्या शब्दावर विश्वास ठेवला. नवऱ्यामागे तिला दुसरं कोण होतं?

त्याच वर्षी दिवाळीनंतर मिनलचं लग्न ठरत आलं. मुलगा नवघरचा, मिनलला मनापासून आवडलेला. इथली रीत अशी, की सुपारी फोडण्याआधी मुलाकडची जाणती माणसं मांडवाची जागा बघायला येतात. मुलाचा बाप हरिश्चंद्र अंगणात आला आणि जिथे मेढ रोवायची तिथे टाच आपटायला गेला. तिथे मी होतो.

‘ह्यो काय?’

मंदाने रेल्वेचं सांगितलं. खोटं बोलणं तिला जमायचंच नाही.

‘म्हंजे घर जानार,’ हरिश्चंद्र म्हणाला. ‘मंग सनावाराला सून म्हायेरी धाडायची कुठं? रुलांवर?’

बरोबरची माणसं हसली. पोहे खाऊन झाले होते, म्हणून ती उठली. मिनल दाराआड उभी होती. ती हसू ऐकत होती आणि मी तिचा चेहरा बघत होतो. दगडाला काळीज नसतं म्हणतात. हरिश्चंद्राला बघून मला वाटलं, आमची उगाच बदनामी आहे.

मागून आणखी स्थळं आली. प्रत्येकाची नजर आधी माझ्यावर पडायची, मग पोरीवर. पुढे स्थळं यायचीच थांबली. मिनल मिरा रोडला औषधाच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात जाऊ लागली. मंदा मात्र स्वतःची समजूत घालायची, ‘त्यांचा तरी काय चुकला? घर जानारच हाय.’

काही वर्षांनी वारं फिरलं. आता बोलणं निघालं, की दगडवाल्या घरातल्या एकाला त्या रेल्वेत नोकरी मिळणार. बाबाजीचा जितेश बारावी होऊन घरी बसला होता. बाबाजी चार पंच घेऊन मंदाच्या अंगणात आला आणि छाती काढून म्हणाला, ‘ह्यो दगुड माजा! मीच हितं पुरलेला. सगल्यांनी बघितलाय.’

मंदाचा आवाज चिरकला. ‘तुमचा? मंग माजे पोरीचं लगीन मोरलं तवा का न्हाय बोललाव?’

पंचांतला म्हातारा विठू खाकरला. ‘जाला तो जाला. दगुड पयल्यापासून बाबाजीचा, तो बाबाजीला द्या.’ मिनल त्या चौघांना चहा देत होती. चौघांनीही कप घेतले, तिच्याकडे पाहिलं एकानेही नाही. मी पुन्हा कुंपण ओलांडून बाबाजीच्या अंगणात आलो. जितेश मिळतील ती कामं सोडून माझ्या भरवशावर बसला.

मग एकदाची जीप आली. स्वप्नील नावाचा तरुण इंजिनिअर रस्ता मोजायला आला होता. बाबाजीने त्याला खुर्ची दिली आणि नोकरीचं विचारलं. त्याने मला बुटाच्या टोकाने टोकरलं आणि तो हसला.

‘ही जुनी आखणी, काका. ती रद्द झाली. एकोणनव्वदच्या पावसाळ्यातच.’

कामावर निघालेली मिनल कुंपणापाशी थांबली. ‘कवा?’

त्याने पुन्हा सांगितलं. तिची मांडवाची जागा बघायला माणसं आली ती त्या पावसाळ्यानंतरच्या दिवाळीनंतर.

‘मंग दगुड का न्हाय काढला?’

‘लावायची ऑर्डर होती,’ तो सहज म्हणाला. ‘काढायची कुणी काढलीच नाही.’

बाबाजी मान खाली घालून बसला. जितेश उठून घरात गेला. पलीकडच्या ओट्यावरून मंदाने हाक मारली, ‘मिनल, साहेब काय बोलला गो?’

मिनल ओट्यापाशी गेली. मग म्हणाली, ‘काय न्हाय, आय. गारी येनार हाय बोलला.’

‘बघ!’ मंदा म्हणाली. ‘मी बोलतच व्हते.’

आता माझा रंग उडालाय, बाण पुसट झालाय. बाबाजीची सून माझ्यावर कपडे आपटते. मंदाला दिसत नाही फारसं. संध्याकाळी मिनल कामावरून आली की ती विचारते, ‘गारीचा काय कललं का गो?’ आणि मिनल रोज काहीतरी नवीन सांगते. कधी पूल बांधतायत, कधी रूळ आलेत.

कुणीतरी मला इथून उचला आणि भाईंदरच्या खाडीत नेऊन टाका. उत्तर द्यायला मिनल आहे. ते रोज ऐकायला मी नको.