दीड इंचाचा प्रवास

मित्रांनो, मला एकदम उघडू नका, फाटेन. मी एक जुना नकाशा आहे. एकेक घडी उलगडा, म्हणजे माझी गोष्ट ओळीने वाचता येईल.

पहिली घडी.

माझा जन्म छापखान्यात झाला. अंगावर पाणी निळे, रस्ते तांबडे, रेल्वेच्या रेघा काळ्या. ओल्या शाईचा वास अंगाला असतानाच मी प्रवासाची तिकिटे विकणाऱ्या एका कचेरीत भिंतीवर गेलो. लोक माझ्यावर बोट ठेवून विचारत, "इथे जायला किती लागतील?" उत्तर ऐकले की बरीच बोटे जवळच्या गावाकडे सरकत. तरीही माझे कौतुक फार होई. मग माझ्याहून मोठा, चकचकीत नकाशा आला आणि मी रद्दीत गेलो.

दुसरी घडी. (हिच्या कडेला कात्रीची खूण आहे. दचकू नका.)

रद्दीतून मला एका शिंप्याने उचलले. जाड कागद त्याला कॉलरचा साचा कापायला हवा होता. कात्री दोन बोटे आत शिरली, तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन दुकानात आली.

"थांब! जग कापतोयस की काय?"

लग्नाला सात महिने झाले होते. ती पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसायची. लग्नाच्या खर्चात हनिमून राहून गेला होता. आता दोघांना एकदमच अकरा दिवसांची रजा जमत होती. त्याला समुद्र पाहायचा होता, तिला बर्फ. माझ्या एका कोपऱ्यात एक परदेश मोठा करून छापला होता; त्यात समुद्राकाठचे शहर आणि बर्फाचे गाव शेजारी-शेजारी दिसत होते.

दुकान त्याच्या आत्याचे. काजे करता करता ती म्हणाली, "एकाला खारं पाणी, एकीला गोठलेलं. घरचं पाणी काय वाईट होतं?"

तिसरी घडी. हीच माझी सगळ्यात आवडती.

मित्रांनो, त्या दोघांनी खर्चाचा हिशेब वहीत नाही केला, माझ्यावर केला. बटणांनी! एक बटण म्हणजे एक हजार. साठवलेल्या पैशांइतकी बटणे डब्यातून मोजून काढली आणि वाटेवर मांडली. विमानाला कोटाची मोठी बटणे, तीही एकावर एक रचून. आगगाडीला काळी. जेवणाला शर्टाची पांढरी. परतीच्या विमानाची चळत तिने सुईदोऱ्याने ओवून गाठ मारली. "याला हात लावायचा नाही. हे घरी यायचे पैसे."

कुठलीही गोष्ट महाग निघाली की दुसरीकडचे बटण उचलावे लागे. खोटे बोलायला जागाच नव्हती. माझ्या पाठीवरून इतके लोक स्वप्नात फिरून गेले, पण स्वप्न इतक्या नेटकेपणाने मांडलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

आता चूक ऐका. समुद्राकाठच्या शहरापासून बर्फाच्या गावापर्यंत त्याने गळ्यातला टेप लावला. "दीड इंच. म्हणजे साठ किलोमीटर. बसने दोन तास! शेवटच्या सकाळी बर्फातून निघू, समुद्राकाठून सुटणारं दुपारचं विमान आरामात मिळेल."

शिंपीच तो. त्याच्या टेबलावरची प्रत्येक गोष्ट सपाट. आणि दोष माझाही होता. डोंगर दाखवायला तपकिरी रंग लागतो. छापखान्याच्या मालकाने तो वाचवला होता.

तिने मात्र टेपाखालच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "ज्या गावात बर्फ पडतो ते गाव उंचावर असणार ना? साठ किलोमीटर आडवे की उभे?"

"महिनाअखेरपर्यंत तिकीट स्वस्त आहे. नंतर दुप्पट. आणि एकदा घेतलं की परत होत नाही."

"म्हणूनच विचारतेय. विमान चुकलं तर दुसऱ्या तिकिटाला बटणं कुठून आणणार? पँटची काढणार?"

तिने त्या गावच्या पोस्टमास्तरांना पत्र लिहिले. ओळख ना पाळख. "पोस्टवाले पोस्टवाल्यांना उत्तर देतात," एवढाच तिचा भरवसा. तो फुरंगटला. रोज संध्याकाळी खडूने माझ्या कडेला एक रेघ ओढायचा आणि तिच्याकडे बघायचा.

आत्या म्हणाली, "अरे, बायको आहे ती, गिऱ्हाईक नाही. एवढी घाई गिऱ्हाइकाच्या कपड्यांची करत जा."

चौथी घडी.

महिना संपायला दोन दिवस उरले असताना उत्तर आले. बस डोंगराला वळसे घालत जाते. सहा तास. तीही एक दिवसाआड, आणि त्यांच्या शेवटच्या दिवशी तर नाहीच.

शिंपी खुर्चीत बसला. परत यायला एक दिवस आधी निघायचे, म्हणजे समुद्राकाठी आणखी एक रात्र. तिथली खोली महाग; बर्फातल्या वाचलेल्या रात्रीच्या बटणावर आणखी एक लागणार होते, आणि ते नव्हते. मग त्याने स्वतःच समुद्रावरची बटणे गोळा केली आणि तिच्या बर्फापुढे ठेवली. "समुद्र राहू दे. तू बर्फ बघ."

"राहू दे कशाला?" ती माझ्यावर वाकली. जाताना इकडच्या विमानतळाच्या शहरात आदल्या संध्याकाळीच पोचून रात्रीपुरती खोली घ्यायची, असे ठरले होते. तिने ते बटण अलगद उचलले. "रात्रीच्या गाडीने जाऊ. झोप गाडीत, सकाळी थेट विमानतळ. ही खोली तिकडे नेते."

बटण सरकले आणि बसले. आत्याने चष्मा वर करून माझ्याकडे नीट पाहिले. "पोरी, माझी दिवाळखोर बहीण तुला आधी भेटायला हवी होती," एवढेच म्हणाली.

दोघे गेली. मला नेले नाही, मी तितका धडधाकट नव्हतो. अकरा दिवस मी टेबलावर पडून त्यांची वाट मोजली. परतली तेव्हा त्याचे नाक उन्हाने सोलले होते, तिचे थंडीने. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने पेन्सिल मागितली आणि माझ्या त्या कोऱ्या दीड इंचावर लिहिले: "इथे चढ आहे. सहा तास. खिडकीची डावी जागा घ्यावी."

मित्रांनो, छापखान्याने मला जे दिले नव्हते ते तिने दिले. तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद कपाटात पडला असेल. त्याला ओलीपासून जपा, घडी जुन्या रेघेवरूनच घाला. त्याच्यावर विश्वास ठेवा, पण तिथे राहणाऱ्या माणसालाही विचारा. आणि जाऊन आलात की जे कळले ते त्याच्यावर लिहा. फक्त पेन्सिलीने लिहा, म्हणजे तुमच्यानंतर जाणाऱ्याला दुरुस्त करता येईल.