ओली भिंत

जत्रेच्या दिवशी सकाळीच अतिपोकाच्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि घरातल्या साऱ्या बायका तिच्या खोलीत धावल्या. बाहेर भिंतीपाशी अतिपोका एकटीच उरली.

सुगीनंतरची जत्रा होती ती. कुणी जुन्या कुदळींनी मशागतीची गाणी म्हणत माती ओढून दाखवणार, कुणी टोपल्या विणणार. अतिपोकाच्या घराचा मान भिंत रंगवण्याचा. पण तांबडा गिलावा ओला आहे तोवरच गोट्याने घोटावा लागतो, आणि वारा तर सकाळपासून कोरडा ठाक सुटलेला. एका कोपऱ्याला चिरा पडायलाही लागल्या होत्या.

तेवढ्यात बाळंतिणीसाठी बाजरीच्या पेजेचं मडकं घेऊन अकोलपोका आली. धाकटी जाऊ. गेल्या जत्रेला अतिपोकाच्या शेळीने तिचं टोपल्यांचं भिजवलेलं गवत फस्त केलं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

मडकं आत देऊन ती परत निघाली, आणि भिंतीपाशी थबकली.

"भिंत वाळतेय, जाऊबाई."

"डोळे आहेत मला."

"डोळे आहेत हो. हात दोनच आहेत."

अकोलपोकाने लुगडं खोचलं, गोटा उचलला आणि घोटायला बसली.

"अगं, तुझ्या टोपल्या?"

"पोरी विणतायत. यंदा गवत आढ्याला टांगलं होतं. तुमच्या शेळीला अजून पंख फुटले नाहीत."

अतिपोकाला हसू आवरेना. हसता हसता डोळे भरून आले, ते तिने कोपरानेच पुसले. "तेव्हाच यायला हवं होतं मी तुझ्याकडे," ती म्हणाली. अकोलपोका नुसती "हं" म्हणाली आणि पाणी शिंपडत राहिली.

पाहुणे जमले. अकोलपोका घोटत होती, अतिपोका दाराच्या वर राखणीचा काळा अजगर काढत होती. तेवढ्यात आतून बाळाचा ट्यँहा ऐकू आला. अतिपोकाचा हात थांबला.

"नात कुठं पळून जात नाही," अकोलपोका म्हणाली. "शेपूट पुरी करा."

"नात कशावरून?"

"आवाज ऐका की. तुमच्यासारखाच भांडखोर."

शेपूट पुरी झाली. कोपऱ्यातल्या चिरा तेवढ्या राहिल्या. कोपरापर्यंत तांबड्या हातांनी दोघी आत गेल्या. खरंच मुलगी होती. बाळाला हात लावण्याआधी रांजणापाशी हात धुताना अतिपोका हळूच म्हणाली, "तुझ्या घराच्या मागच्या भिंतीचे पोपडे निघालेत. येता-जाता रोज बघते मी. परवा माती कालवून ठेव."

"पहाटेच या," अकोलपोका म्हणाली. "वारा उठायच्या आत."