पेटी तेवढी आमची

ग्यासीच्या दुकानातल्या बाकड्यावर बसून बसून सेरवाच्या कंबरेचा काटा ढिला झाला होता. कुमासीत शनिवार म्हणजे मयताचा वार. तो जवळ आला, की आसाफो पेठेतल्या छापखान्यांत नुसती मेलेल्यांची गर्दी. भिंतीवर तेच, पडद्यावर तेच, आणि जिवंत माणसाला टेकायला जागा म्हणून नाही.

"या ताई, तुमचंच लावलंय," ग्यासी डोळे चोळत म्हणाला. मयताची पोस्टरं तयार करून करून हा माणूस कित्येक दिवस धड झोपला नव्हता, आणि ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

पडद्यावर सेरवाचे वडील, ओबिरी, होते. म्हणजे मुंडकं त्यांचं होतं. खाली मानकरी पांघरतात ते भरजरी केंटे वस्त्र, मनगटावर सोन्याचं कडं, पितळी खिळ्यांची खुर्ची. चेहरा घासूनपुसून उजळ केलेला आणि कपाळावरची खोक गायब.

"हे अंग कुणाचं?"

"कुणाचंच नाही. तयार असतं आमच्याकडे. धड फोटो नसला, की सगळ्यांना हेच बसवतो."

"अरे, माझ्या बापानं जन्मभर ट्रकच्या टायरांची पंक्चरं काढली. त्याचा डावा खांदा पार उतरला होता."

तिनं मोबाइल पुढे केला. त्यातल्या फोटोत ओबिरी खांद्यावर टायर घेऊन उभा होता. टोपी तिरकी, बनियनला भोकं आणि तोंडभर हसू. आईनं मांपोंगला बहिणीकडे जाताना सेरवाला बजावलं होतं, "दिवसभर मला त्याच्यासमोर बसायचंय गं. तिथे माझाच माणूस असू दे, एवढं बघ." दुसरं काही मागितलं नव्हतं बिचारीनं.

ग्यासीनं फोटो संगणकावर घेऊन मोठा केला. "बघा, फुटतो. भिंतीएवढा केला तर नुसते चौकोन छापून येतील. वहीएवढा ठेवला तर सुरेख निघेल. आणि तुमच्या काकांनी तर या केंटेवाल्याला कालच हो म्हटलंय."

बादूकाका मागेच उभे होते. "बनियनवर लावू होय माझ्या भावाला? लोक म्हणतील, घरात नेसायला कापड नव्हतं! हे बघ सेरवा, आपल्यात कूळ आईकडून चालतं. तू तुझ्या आईच्या कुळातली. ओबिरी आमच्या आईच्या. त्याला कसं मिरवायचं ते आम्ही बघू. मुलांनी शवपेटी आणायची, ही रीत. तेवढं केलंस की तू मोकळी."

एरवी सेरवा भांडली असती. पण आधी दवाखाना, मग शवागार, मग मंडपवाला, मग पेटीचा सुतार. अंगात त्राण उरलं होतं कुठे? "करा काय करायचं ते," ती म्हणाली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

गुरुवारी आई परत आली. लेकीचा हात धरून गाडीतळावरून घरी निघाली. वाटेतल्या भिंतीवर ओबिरीचं पोस्टर होतं आणि शेजारी आणखी कुणाचं तरी. तेच केंटे, तेच कडं, तीच खुर्ची.

आई थांबली. डोळे बारीक करून तिनं दोन्हीकडे पाहिलं. "सख्खे भाऊ दिसतात. दोघं एकदमच गेले? अरेरे! कपडेसुद्धा सारखे घातलेत बघ." मग चालू लागत तिनं विचारलं, "आपलं कुठे लावलंय गं?"

सेरवानं पोस्टरकडे पाठ केली. "पुढे आहे," ती कशीबशी म्हणाली.

आईला घरी बसवून ती तशीच ग्यासीकडे गेली. "वहीएवढा सुरेख निघेल म्हणालास ना? काढ. चिकटणाऱ्या कागदावर."

"लावणार कुठे? काका मंडपात उभं करतील का तुम्हाला?"

"मंडप काकांचा. पेटी आमची."

 ग्यासीनं खुर्ची पुढे ओढली. "कपाळावरची खोक?"

"राहू दे."

"बनियनची भोकं?"

"एक जरी बुजवलंस तर याद राख!"

दमलेला ग्यासी खो खो हसला.

शनिवारी मंडपात भलामोठा केंटेवाला ओबिरी लटकत होता. त्याच्याखाली पेटी आणली, तर पेटीच्या कडेला, आईच्या बरोबर समोर, टायरवाला ओबिरी. बादूकाका दात खात सेरवाजवळ आले. "चारचौघांत अब्रू घालवलीस!"

"काका, पेटी मुलांनी आणायची ना? आणली. रीत तुम्हीच सांगितलीत."

 तोवर पंक्चरवाल्यांचा सगळा अड्डा पेटीभोवती वाकला होता आणि "अरे, हा बघ आपला म्हातारा!" म्हणत डोळे पुसत होता.

आई सकाळपासून मान खाली घालून बसली होती. वरच्या पोस्टरकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. पंक्चरवाले बाजूला झाले तशी ती उठली, पेटीपाशी आली आणि तिनं फोटोवर बोट ठेवलं.

"किती वेळा सांगितलं, टोपी सरळ घाल म्हणून," ती म्हणाली, आणि ओबिरी गेल्यापासून पहिल्यांदाच हमसून हमसून रडली.